यादी न घेता शहागंजला

शैला,

तुझ्या तेराव्याला एकशे दहा पानं उठली. आचाऱ्याला मी साठ सांगितली होती. दोनदा भात लावावा लागला, वरण वाढवावं लागलं, आणि शेवटच्या पंगतीला गोडाचं पुरलं नाही. वरची पन्नास माणसं कोण होती ते मला ठाऊक नव्हतं. गाद्या शिवणारा एक जण होता. बांगड्यांच्या दुकानातल्या दोघी सासू-सुना होत्या. एक निवृत्त उर्दू मास्तर काठी टेकत आले आणि माझ्यासमोर बसून रुमालाने डोळे पुसत राहिले. मी त्यांना पाणी दिलं आणि मनात म्हटलं, अहो, बहीण माझी गेली आहे.

मी जन्मापासून या शहरात आहे. तू तीस वर्षं पुण्यात काढून तीन वर्षांपूर्वी परत आलीस. माझ्या तेराव्याला साठच येतील. त्यातही दहा जणी शिवलेले ब्लाऊज न्यायला आलेल्या असतील.

गेलेल्या माणसावर लिहायचं तर पोकळी वगैरे लिहायची पद्धत आहे. पोकळी असेल, ती नंतर बघू. सध्या मला हेवा वाटतो. तो तू जिवंत असतानाही वाटत होता. तू गेल्यावर तरी कमी होईल असं वाटलं होतं, तर उलट झालं.

तू पुंडलिकनगरात दोन खोल्या घेतल्यास, माझ्या घरापासून पायी सात मिनिटांवर. पहिल्याच आठवड्यात सकाळी अकराला आलीस. मी लग्नाच्या घरातले ब्लाऊज कापत होते.

"चल ताई, फिरून येऊ."

"कुठं?"

"कुठं असं नाही. शहरात."

"काम काय आहे?"

"काम नाही गं. असंच."

"असंच काय असतं? मला शहर माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

मी कात्री न थांबवता सांगितलं. अस्तर शहागंजला, लेस आणि हूक गुलमंडीला, मशीनचं तेल आणि सुया सिटी चौकात. दर पंधरा दिवसांनी यादी करायची, रिक्षाने जायचं, दीड तासात परत.

तू हसलीस. "हे शहर नाही ताई, ही यादी आहे."

त्या वाक्यावर मी तुला चहासुद्धा विचारला नाही. तू चार-पाच वेळा बोलवायला आलीस. नंतर येणं थांबवलंस. म्हणजे घरी यायचीस, पण 'चल' म्हणायची नाहीस. ते मला लागलं. कोणाला सांगणार? बोलावलं तेव्हा मीच गेले नव्हते. तुला बरी सोबत मिळाली असेल, कापड कापत हुंकार देणाऱ्या बहिणीपेक्षा बोलकी माणसं मिळाली असतील, असं मी धरून चालले.

मग तू संध्याकाळी येऊन बडबड करायचीस. कलईवाला अजून बसतो, कुठं ते सांगायचीस. एका घरात जिन्याच्या पायऱ्या खाली उतरतात आणि शेवटची पायरी पाण्यात आहे, ते सांगायचीस. एक दिवस आलीस ती हिमरूचा माग बघून. एका म्हाताऱ्याने तुला मागाशेजारी बसवून घेतलं होतं, धागा हातात दिला होता. शैला, कापडात आयुष्य माझं गेलं. हिमरूचे काठ मी शेकड्याने कापले असतील, पण माग बघितला तू. बँकेत खुर्चीवर बसून नोकरी केलेलीने. त्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाची बाही दोन बोटं आखूड कापली.

प्राचीलासुद्धा तू ओढून नेलंस. माझ्या पोटची मुलगी, माझ्याबरोबर भाजी आणायला यायची नाही. तुझ्याबरोबर उन्हात तीन तास हिंडून आली आणि म्हणाली, "आई, मावशीला ना रस्ता विचारायला आवडतं. माहीत असला तरी विचारते."

"वेळ जास्त झालाय तुझ्या मावशीला," मी म्हणाले.

एक शब्द मात्र तू वापरला नसतास तर बरं झालं असतं. पाय धुऊन बसायचीस आणि म्हणायचीस, "आज मस्त हरवले." हरवणं हा आपल्या घरात मस्त शब्द नाही, हे तुला चांगलं माहीत होतं.

वाचणाऱ्यांना ती गोष्ट सांगावी लागेल. तुला पाठ आहे, तरी ऐक.

आपल्या लहानपणी दिवाळीच्या आधी नानकटाई घरी भाजत नसत. मैदा, पिठीसाखर, तूप घरचं घ्यायचं, शहागंजच्या मागच्या भट्टीवर न्यायचं, तिथल्या ट्रेमध्ये गोळे मांडायचे आणि नंबर येईपर्यंत उभं राहायचं. पन्नास घरांचे ट्रे एकाच भट्टीत. त्यामुळे अदलाबदल व्हायची. एका वर्षी आप्पा दुसऱ्याच कोणाच्या डालड्याच्या नानकटाया घेऊन आले. आपल्या साजूक तुपाच्या कोणाच्या घरी गेल्या ते कळलंच नाही. आईने ती अख्खी दिवाळी धुसफुशीत काढली. पुढच्या वर्षापासून तिने खूण ठरवली. प्रत्येक नानकटाईवर एक चारोळी, पण सगळे लावतात तशी मधोमध नाही, कडेला. आणि मला आप्पांबरोबर पाठवलं. मी अकरा वर्षांची, तू सहाची, तुला घरी ठेवलं तर तू रडून गल्ली गोळा करायचीस. निघताना आई म्हणाली, "सुनंदा, एक डोळा ट्रेवर ठेव, अन् एक हात शैलाला."

आप्पा सायकल लावून ओळखीच्या कोणाशी बोलत उभे होते. ट्रे भट्टीतून बाहेर आले. आणि तू नाहीशी झालीस.

दोन तास. आप्पा शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्यापर्यंत पळत गेले, परत आले, पुन्हा गेले. "पोरगी बघितली का हो, लाल फ्रॉकची?" सगळा बाजार शोधायला लागला. आणि तू कुठं होतीस? भट्टीच्याच मागच्या घरात. भट्टीवाल्याच्या बायकोने तुला पाटावर बसवलं होतं आणि तू गरम नानकटाई खात होतीस. आप्पांनी तुला खांद्यावर घेतलं. मला तिथंच, सगळ्यांसमोर, एक ठेवून दिली. आयुष्यात एकदाच आप्पांनी मला मारलं.

"हात कसा सुटला?" त्यांनी विचारलं.

"ती हिसका देऊन पळाली," मी म्हणाले.

हरवलीस तू आणि मार मला. खांदा तुला आणि डबा माझ्या हातात. तेव्हापासून तू हिंडणारी झालीस आणि मी यादीवाली झाले. त्यात मला काही चुकीचं वाटत नाही. घरात एक तरी यादीवाली लागते.

पुढची चव्वेचाळीस वर्षं, दर दिवाळीला, आपलं तेच भांडण. "तू पळालीस." "नाही ताई, तूच सोडलास." पुण्याहून फोनवरसुद्धा. गेल्या दिवाळीला तू प्राचीसमोर पुन्हा काढलंस, हसत हसत. मी चिडले. "मरेपर्यंत हेच सांगेन, तू पळालीस," असं म्हणाले. कोणाच्या मरेपर्यंत, ते तेव्हा ठरलं नव्हतं.

तर तेरावं. सगळे गेले, आचाऱ्याची पातेली मोजून द्यायची होती, आणि दाराशी एक साठीचा माणूस पत्र्याचा डबा घेऊन उभा. रफीकभाई असं नाव सांगितलं. जेवायला या म्हटलं तर नको म्हणाले.

"बाजी सामान छोडके गए थे," ते म्हणाले. बाजी म्हणजे तू. "मैदा, शक्कर, घी. बोले शनिवार को भाज देना. शनिवार के पहले ही खबर आई. अब जिसका सामान उसके घर, ये हमारे भट्टी का कायदा है. कल भाजा, आज लाया."

मी झाकण उघडलं. नानकटाया होत्या. प्रत्येकीवर एक चारोळी. कडेला.

"ही चारोळी कोणी सांगितली तुम्हाला?"

"बाजीने. दो साल से ऐसेच लगाते हम उनकी."

दोन वर्षं. भट्टी तुला सापडून दोन वर्षं झाली होती आणि तू मला सांगितलं नव्हतंस. ती भट्टी केव्हाच बंद पडली असं मी धरून बसले होते. तू तिथं आईची खूण वापरत होतीस, एकटी. मला इतका संताप आला की मी त्या भल्या माणसाला बसासुद्धा म्हटलं नाही.

"डबा भट्टी का है," जाताना ते म्हणाले. "फुरसत से भेज देना."

एक नानकटाई मी खाल्ली. चांगली होती. आईच्या जवळपास होती. दुसरी खाल्ली नाही.

काल तुला जाऊन अठरा दिवस झाले. दुकान बंद ठेवलं, पाटीवर 'आज शिवणकाम बंद' असं लिहिलं, डबा घासला. रिकामा डबा परत करायचा नाही ही आईची शिस्त, म्हणून आत वाटीभर साखर घातली. घराजवळून, गारखेड्यातूनच रिक्षा केली आणि गुलमंडीला उतरले. पुढं पायी. यादी घेतली नव्हती. पर्समध्ये नुसता रुमाल आणि चाव्या.

पायांना सवय म्हणून शहागंजला अस्तराच्या दुकानासमोरच येऊन उभी राहिले.

"या ताई. आज काय देऊ?"

"काही नाही."

"काही नाही?" दुकानदार गल्ल्यामागून उठून उभा राहिला. "तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. भट्टी कुठंय इथं? नानकटाईची?"

"ते मागं आहे म्हणतात. मी कधी गेलो नाही." तीस वर्षांपासून त्याचं दुकान तिथं आहे. मला जरा बरं वाटलं. माझ्यासारखी आणखीही माणसं आहेत.

रस्ता मला माहीत आहे असं मी आयुष्यभर सांगितलं होतं. घड्याळाच्या पुढची डावी गल्ली. गेले. ती गल्ली एका लाकडाच्या वखारीत संपली. परत फिरले, दुसरी घेतली, तिसरी घेतली. वीस मिनिटांत अशा ठिकाणी येऊन पोचले की आपण आलो कुठून तेही कळेना. पंचावन्न वर्षांची मी, माझ्याच शहरात, हातात साखरेचा डबा. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस.

एका उंच दगडी पायरीवर एक बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"कोणाकडं जायचंय?"

"कोणाकडं नाही. चुकले."

"मग बसा की. उन्हाचं काय उभ्यानं चुकायचं." त्यांनी सूप सरकवलं आणि आतून पाणी आणलं. "परवापर्यंत इथं एक बाई यायच्या. शैलाबाई. त्यांना बी तुमच्यासारखंच, कोणाकडं जायचं नसायचं. गेल्या बिचाऱ्या."

मी पाणी खाली ठेवलं. "मी त्यांची मोठी बहीण."

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "व्हय? त्या ब्लाऊजवाल्या?"

"हो."

"लई सांगायच्या तुमचं. म्हणायच्या, माझ्या बहिणीच्या हातचं काज बघा, आतनं बी बाहेरच्यासारखं दिसतं. रिकामी बसली की आजारी पडती म्हणायच्या." मग त्यांनी माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. "आलात न्हवं काम काढून?"

त्या पायरीवर मी अर्धा तास बसले. बाई बोलत होत्या आणि मी तांदळातले खडे काढत होते. समोरच्या घराच्या दाराला इतकं बारीक नक्षीकाम होतं की त्यावरून जरीचं डिझाइन उचलता येईल, आणि त्या नक्षीच्या मधोमध विजेचं मीटर ठोकलेलं. वरच्या गच्चीवर कोणीतरी रजई वाळत टाकत होतं. हे सगळं माझ्या अस्तराच्या दुकानापासून पाच मिनिटांवर. इतकी वर्षं तिथंच होतं, आणि ते बघायला पुण्याहून तू यावीस. मला त्या पायरीचासुद्धा राग आला. मधोमध घासून बसकी झालेली पायरी, त्यात तुझाही थोडा वाटा असेल.

उठताना मी भट्टीचा रस्ता विचारला. वास यायला लागला की उजवीकडं वळा, असं त्या म्हणाल्या. वास आला. वळले.

भट्टी तीच होती, शैला. मी चुकीची गल्ली धरून बसले होते, तू बरोबर शोधलीस. तोंड आता लहान वाटलं, भिंत जास्त काळी, पण जिथं आपण उभ्या होतो तो ओटा तसाच. रफीकभाईंनी डबा घेतला, उघडून साखर बघितली, हसले आणि चिमूटभर तोंडात टाकली.

"आप आयेंगे बोलते थे बाजी."

"कधी म्हणाली?"

"हमेशा. मैं ने एक दफा पूछा, इतना आपा आपा करते, बुलाते कायको नहीं? तो बोले, बुलाने से नहीं आती वो. कुछ काम निकलेगा तो आयेगी."

आपा म्हणजे मी, थोरली. मी त्यांच्या हातातल्या डब्याकडे बघितलं. फुरसत से भेज देना, असं ते म्हणाले होते. कोणाबरोबरही पाठवता आला असता.

"मग ही भट्टी सापडली ते तरी मला सांगायचं."

"वो भी पूछा. बोले, घर में बोली तो सुनती नहीं, कैंची चलते रहती उसकी. यहाँ बिठाके बोलना है." ते जरा थांबले. "वो लाल फ्रॉक वाला किस्सा बोलना था उनको. मेरी अम्मी ने बिठाया था ना इनको, पीछे. बाजी बोलते थे, आपा ने तो हाथ पक्का पकडी थी, मैं ही छुडाके भागी. बेचारी मुफ्त में मार खाई."

"काय म्हणाली?"

त्यांनी पुन्हा सांगितलं.

"परत सांगा."

तिसऱ्यांदा सांगताना त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने बघितलं आणि स्टूल पुढं केलं. मी बसले नाही.

चव्वेचाळीस वर्षं मी जे वाक्य तुझ्या तोंडून ऐकायचं म्हणत होते, ते तू शहागंजच्या मागं एका भट्टीवाल्याला देऊन टाकलंस. कदाचित त्या तांदळाच्या बाईंनाही. अख्ख्या गल्लीला माहीत असेल, सुनंदाने हात सोडला नव्हता. फक्त घरी तू शेवटपर्यंत "तूच सोडलास" म्हणत राहिलीस, आणि मला चिडवत राहिलीस. या सगळ्यांचा मला इतका हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं. रफीकभाईंना वाटलं धुराने, म्हणून त्यांनी मला वाऱ्याच्या बाजूला उभं केलं. मीही धुरानेच म्हणाले.

येताना रिक्षा केली नाही. गुलमंडीपर्यंत येईन म्हटलं आणि पुढं चालत राहिले. दोनदा रस्ता विचारला. दुसऱ्या वेळी तो मला माहीत होता.

शनिवारी भट्टी लागते. मैदा-तूप घेऊन जाणार आहे, दिवाळी नसली तरी. तांदळाच्या बाईंना एक ब्लाऊज शिवून देते म्हणाले आहे, त्यांचं माप घ्यायचं आहे. प्राची म्हणाली, मी येऊ का? ये म्हटलं. हिमरूचा तो माग कुठं आहे ते तिला माहीत आहे, आणि तू तिला दाखवलास याचा आता मला निम्माच राग आहे.

उरलेलं एवढंच, आणि हे रफीकभाईंसमोर बोलायला मला जमलं नाही. तू मला चिडवताना खरं बोलत होतीस आणि लोकांना सांगताना खोटं. का, ते मला विचारता येणार नाही. मोठेपणासुद्धा तूच घेऊन गेलीस. तो तरी थोरलीकडे राहू द्यायचास.

तू हिसका दिला नव्हतास. तू नुसती उभी होतीस, तोंड उघडं टाकून भट्टीच्या जाळाकडे बघत. ट्रे बाहेर आले, गर्दी पुढं सरकली, आणि मला चारोळ्या दिसेनात. बोटाने ट्रे मोजायला मला उजवा हात हवा होता. त्यात तुझा होता, घामाने चिकट झालेला. मी तो सोडवला, फ्रॉकला हात पुसला आणि मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार. चारही ट्रे आपलेच होते. एकही बदलला नव्हता. सांगायला वळले, तर तू नव्हतीस.